वळसा

हर्षे, तुझे फोटो मिळाले.
कालव्याकाठची बारीक वाट, रंगवलेली लांबट होडी,
आणि खांबावर ठोकलेला पिवळा बाण:
जिथून निघाल तिथेच परत, साडेचार मैल.
खाली तू विचारलंयस,
मावशी, तुमच्याकडे आहे का अशी एखादी वाट?

आहे. बाण नाही.

पांझरेच्या बंधाऱ्यापासून पाट निघतो,
चिंचेच्या मुळांत जरा अडखळतो,
मग फडाच्या कडेकडेनं, गव्हाला डाव्या हाताला ठेवत,
शेवटच्या चारीपर्यंत.
तिथून नाल्यात उतरायचं
आणि नदीनदीनं माघारी.
डॉक्टरांनी साखरेवर चालणं लिहून दिलं
तेव्हापासून हा माझा वळसा.

पहिले आठ दिवस जो भेटे तो विचारी,
"काय हरपनं व बाई?"
हातात विळा नाही, डोक्यावर भारा नाही,
पुढे साधी शेळीसुद्धा नाही,
म्हणजे काहीतरी हरवलेलंच असणार.
नुसती फिरतेय, म्हटलं.
हे नुसतं बांधावर कुणालाच पटेना.

शेवटी पाटकरी धुडकू आप्पांनी तोड काढली.
"चालीच ऱ्हायनी ते तिसरी चारी देखी ये,
खेकडास्नी फोडेल शे का."
दुसऱ्या दिवशी इंजाबाईनं फडक्यात कळण्याची भाकर बांधून दिली,
पलीकडे निंदणाऱ्या सुनेसाठी.
मग उखा जागल्यानं त्याचा मोबाईल,
चार्ज करून उद्या आणा म्हणून.
आता माझ्या वळशाला सात थांबे आहेत.
डॉक्टर म्हणतात, न थांबता चाला.

काल आवर्तन सुटलं.
आप्पांनी फळी उचलली तेव्हा मी तिथेच होते,
म्हटलं, आज पाण्याबरोबर जाऊ.

तुला माहीत नसेल,
कोरड्या पाटात पहिलं पाणी धावत येत नाही.
चाचपत येतं.
एक बोट पुढे काढतं, ते भेगेत जातं,
भेग ते पिऊन टाकते,
मग मागचं पाणी येईपर्यंत तिथेच घुटमळतं.
तोंडाशी मळका फेस, कडुनिंबाचा पाला,
कुरकुऱ्यांचं पाकीट,
आणि एका काडीवर चढून बसलेल्या
अंडी तोंडात धरलेल्या मुंग्या.
बगळ्यांना वेळापत्रक पाठ:
पाण्यापुढे पळणारे किडे वेचायला
ते आधीच काठावर येऊन उभे.

मी सारखी पुढे निघून जायची.
मग थांबायची, मागे बघायची, आलं का.
चौतीस वर्षं वर्गाच्या दारात उभी राहून
चला पटपट, चला पटपट म्हटलेली मी;
पाण्याला काय म्हणायचं ते सुचेना.
दगडावर बसले.
इंजाबाईच्या भाकरीचा कोपरा मोडून खाल्ला.
हे डॉक्टरांना सांगू नकोस, सुनेलाही.

शेवटच्या चारीशी उखा फावडं घेऊन उभा.
त्यानं दोन घाव घातले, माती ओढली,
आणि इतका वेळ माझ्याबरोबर असलेलं पाणी
माझ्याकडे न बघता गव्हात वळलं.
त्याचा आवाजच बदलला.
पाटात ते खुळखुळत होतं,
गव्हात शिरल्यावर नुसतं
काहीतरी हळूहळू बुडत असल्यासारखं.

माघारी नदीत वाळू, वाळूत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या,
कुणाची तरी एक चप्पल, तिचा अंगठा तुटलेला.
ऊन डोक्यावर आलं होतं.

बंधाऱ्यावर आप्पा चिंचेखाली बिडी ओढत बसलेले.
"पोचनं का?"
पोचले की, म्हटलं, ही काय समोर उभी आहे.
"तू नई व. पाणी."

पोचलं, आप्पा.

तर हर्षे, आमच्या वाटेचं अंतर कुणी मोजलेलं नाही.
एकटीला पाऊण तास, थांबे सोडून.
पाण्याबरोबर गेलं तर
जवळजवळ अख्खी सकाळ.