छाट

अम्मा रोज हजार विड्या वळायची.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
ओठ सारखे हलत, बघणाऱ्याला वाटे जप.
मोजायची तेलुगूत.
मजुरी मात्र मराठीत मोजून घ्यायची,
कारण कारकून मराठीत फसवायचा.

आता मी मोजते.
सकाळी दोन अंड्यांचं पांढरं, चौतीस.
अर्धी ज्वारीची भाकरी, साठ की सत्तर,
ती कुणी थापली त्यावर.
वाटीभर मटकी. ताक, लोणी काढलेलं.
सात वर्षं झाली पोट कापून.
एकशे अठरा किलोची मी
सदुसष्टावर आले, आणि आता
एकाहत्तर, तिहत्तर, चौऱ्याहत्तर,
काटा एकेक पायरी परत चढतोय,
वीज गेल्यावर जिना चढतात तसा,
भिंत चाचपत.

पहिल्या वर्षी सोपं होतं.
चारशेत दिवस उरकायचा.
दत्तनगरच्या लग्नात एक जिलेबी खाल्ली
तर मांडवामागे घामानं निथळले,
काळजाची मागासारखी खडखड.
बायका म्हणाल्या, दृष्ट लागली हिच्या बारीकपणाला.
आता जिलेबी काही करत नाही.
गुपचूप जाते.
हीच भीती.

तिसऱ्या वर्षी भूक परत आली,
पिशवी घेऊन, राहायलाच.

कस्तुरे मॅडमना विचारलं, आता जन्मभर किती?
त्या म्हणाल्या, तुम्ही बाराशेच्या आसपास ठेवा,
चालणं बघून.
आसपास.
अम्माच्या कारखान्यात आसपास नव्हतं.
हजार म्हणजे हजार,
आणि चेकर बोटांनी दाबून दाबून
सैल, तोंड फाटलेली, पानाला भोक पडलेली
बाजूला फेकायचा: छाट.
हजार भरायला अम्मा साठ जास्त वळायची.
त्या साठांची मजुरी नाही.

काल रविवार. शेंगा कुटायला बसले.
अंबादासला विकतची चटणी चालत नाही,
तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेलीच लागते.
मीठ बघायला एक बोट.
लसूण पुढे आलाय का बघायला दुसरं.
मुसळाला चिकटलेलं वाया कशाला घालवायचं.
पोरीच्या ताटात राहिलेला भाकरीचा पापुद्रा.
वहीत यातलं काहीच लिहिलं नाही.
छाट.

संध्याकाळी अम्माकडे गेले, विडी घरकुलात.
डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं वाकलेली,
अजून तंबाखूच्याच रंगाची.
पाऊल वाजताच: तिन्नावा?
जेवलीस का, एवढंच तर.
सात वर्षांत या प्रश्नाला
मी एकदाही आकड्याशिवाय उत्तर दिलेलं नाही.
म्हणाले, साडेनऊशे.
ती हसली.
"आणि वरच्या किती?"

मी विचारलं, अम्मा, त्या छाट विड्यांचं काय व्हायचं?
जाळायचे त्या?
"जाळतात कशाला गं.
दोरा बांधून त्याबी विकायचे.
धूर तर तेवढाच निघतो."

मग ताटलीत पाव भाकरी, वर चटणी,
चटणीत खड्डा करून तेल,
किती तेल ते तिला दिसत नाही
आणि मला विचारवत नाही.
मी खायला लागले.
समोर अंधारात तिचे ओठ हलू लागले,
ओकटी, रेंडू, मूडू,
माझे घास की तिच्या विड्या, कळेना.

सातला थांबली.