तिसरा खण

ऑगस्टात अजमानची हवा भिजल्या गोणपाटासारखी.
दार उघडलं की आधी चष्मा आंधळा होतो, मग मी.
अशा हवेत ओतू नका, हे डब्यावरच छापलंय,
पण बँकेचे दीडशे नग गुरुवारी द्यायचेत:
पाण्यासारखा नितळ ठोकळा, आत पितळी गलबत,
निवृत्त होणाऱ्यांच्या टेबलासाठी,
जे टेबल उद्यापासून त्यांचं नसेल.

आधी बुडबुडे आले. शिडाच्या दोरांना लटकलेले, मोहरीएवढे.
जेरिकला म्हटलं, हळू ढवळ, ताक करायचं नाहीये.
ताक म्हणजे काय ते त्याला कळलं नाही. हळू कळलं.
बाटली कोमट पाण्यात बसवली, धार सुताएवढी केली,
एकाच कोपऱ्यात सोडली,
आणि रेझिन आपलं आपण चढत गेलं
भरती चढावी तसं, गलबताच्या कुशीपर्यंत.

मग चिकटपणा. सगळा ठोकळा टणक,
एक कोपरा मात्र फणसाच्या चिकासारखा.
काटा बरोबर होता, माप बरोबर होतं.
पेल्याच्या कडा कुणी खरवडल्या नव्हत्या.
कडेला राहून जे मिसळत नाही
तेच शेवटी साच्यात उतरतं.
(मी पेल्याबद्दल बोलतोय.)

वर पांढुरकी साय धरली, तुपकट, ती दमटपणाची;
साबणाच्या पाण्यानं गेली.
ओल शोषणारं यंत्र भाड्यानं आणलं.
सकाळी बादली काठोकाठ.
वाळवंटाच्या हवेतून पिळलेलं ते पाणी बघत
आम्ही उभ्या उभ्या चहा प्यायलो.

उरला एक डाग.
साचे पाच, प्रत्येकाला खण सहा,
आणि पाचही साच्यांत तिसऱ्याच खणातल्या नगाला,
माथ्यावर, शिडाच्या जरा डावीकडे,
वालाच्या दाण्याएवढं धुरकट काहीतरी.
पाचांत एकच दोष, म्हणजे तो साच्याचा नव्हे;
साच्याच्याही आधीचा.
साचा उलटा केला, टेपनं टिपला, दिव्याखाली धरला,
भिंग लावलं.
रेषा. रेषांचा भोवरा. एक अंगठा.

मूळ ठोकळे अब्बास चौगल्यानं घासले होते, हर्णैच्या.
वार्निश ओलं असताना उचलला असणार त्यानं तिसरा,
घाईत, किंवा फोन वाजला म्हणून.
सिलिकॉनला काम आणि चूक यातला फरक कळत नाही,
जे असेल ते उचलतं.

आणि याच अंगठ्याला
ओळखपत्राच्या कार्यालयात यंत्र ओळखत नव्हतं.
बावीस वर्षं पाण्याखाली पॉलिश पेपर फिरवून
बोटं गोट्यांसारखी झालेली.
बाई म्हणाली, पुन्हा.
त्यानं पँटला पुसला, कपाळाच्या घामावर टेकवला. पुन्हा.
चौथ्या खेपेला माझ्याकडे बघून हसला,
चोरी पकडली गेल्यासारखा.
मार्चमध्ये गेला. दोन खोकी, निळी नायलॉनची दोरी,
दोरीच्या गाठी मीच मारल्या.

सजी म्हणाला, नवे साचे? सिलिकॉनचा भाव विचार एकदा.
घास आणि दे.

घासले. पंचवीस माथे.
आठशे नंबर, पंधराशे, तीन हजार,
नळाची बारीक धार, गोल गोल, एकाच दाबानं,
जसं त्यानंच शिकवलं होतं.
भोवऱ्याच्या बाहेरच्या रेषा आधी गेल्या.
मधला टिंब बराच वेळ राहिला.
मग पॉलिश फिरवलं, आणि वर
आभाळ कसं मोकळं झालं गलबताला.
बँकेच्या माणसानं एक नग उजेडात फिरवून पाहिला,
छान म्हणाला, सही केली.

शनिवारी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
लाल.
शर्टाला पुसला, ठेवला. लाल.
फुंकर मारली. मागे रांग वाढत होती,
कुणीतरी घसा खाकरला.
खांद्यामागून जेरिक म्हणाला,
मराठीत,
हळू.