एक पाय गुळगुळीत

सकाळी उठून मी आधी वेळापत्रक बघते,
गिऱ्हाइकांचं नाही, विजेचं.
गट नऊ : दहा ते साडेबारा अंधार.
मग त्या अंधाराच्या कडेकडेनं बायका बसवते.
भुवया खिडकीपाशी, उन्हात होतात.
मसाजला वीज लागत नाही, मनगटं लागतात.
मेणाचं मात्र तसं नाही.
वीज गेल्यावर मेण वीस मिनिटं माझं ऐकतं,
मग कुणाचंच नाही.

या शहराचं नवं नाव उच्चारताना
जिभेनं टाळ्यावर बूच उघडावं लागतं.
ते मला झोलेकानं शिकवलं, टॉवेल वाळत घालता घालता.
मी तिला शिकवलं :
केसाच्या दिशेनं लावायचं, उलट ओढायचं,
आणि लगेच तळवा दाबायचा,
बाईला दुखलं हे कळायच्या आत.

सहा वर्षांनी ती समोरच्या फुटपाथवर गेली.
फोनमध्ये माझी एक्केचाळीस गिऱ्हाइकं,
वर जांभळी पाटी, माझ्यापेक्षा वीतभर मोठी.
केसानं गळा कापला, म्हणाले मी सगळ्यांना.
आमच्याकडे केसांना काय तोटा!
हे नाही सांगितलं, की
मीही कधीकाळी मिसेस पोत्खीटरची एकोणीस नावं
शाळेच्या वहीत उतरवून गादीखाली ठेवली होती,
आणि नंतर दुकानात मला बघून
तिनं दुधाच्या कपाटाकडे तोंड फिरवलं होतं,
बराच वेळ, दूध न घेता.

तर, मंगळवार.
मिसेस फोरी, मुलीचं लग्न चार वाजता.
उजवा पाय झाला. डाव्याला नडगीपर्यंत मेण.
आणि वीज गेली, दीड तास आधीच,
न सांगता.
समोर जांभळी पाटी लखलखीत. ती गट बारा.

मी भाड्याचा विचार केला, खुर्च्यांच्या हप्त्याचा,
त्या एक्केचाळीस नावांचा.
मिसेस फोरी म्हणाली, लेव्होना,
मी लग्नाला एका पायानं जाऊ का?

रस्ता ओलांडला आम्ही.
ती गाऊनमध्ये, कागदी सपाता, कमरेला माझा टॉवेल,
आणि इथला वारा, ज्याला लाज ठाऊक नाही.
टॅक्सीवाल्यांनी भोंगे वाजवले.
एकानं थांबून वाट दिली, टोपी काढून.

झोलेकानं घंटीच्या आधी दार उघडलं.
माझ्याकडे बघितलंच नाही.
उजव्या पायावरून हात फिरवला फक्त,
पोटरीपासून घोट्यापर्यंत,
वहीतली जुनी ओळ वाचावी तसा,
आणि डाव्याला बसली.

पैशांवरून वाद झालाच.
ती म्हणाली अर्धे, मी म्हणाले साठ रँड,
सुरुवात माझी होती.
मिसेस फोरीनं दोघींच्या हातात पूर्ण ठेवले
आणि वाऱ्यात निघून गेली, नवे पाय घेऊन.

मैत्री वगैरे काही नाही.
जांभळी पाटी अजून डोळ्यात खुपते.
बुधवारी तिची पोरगी टॉवेल देऊन गेली,
धुतलेला, तीन घड्यांत, कड आतल्या बाजूला.
मिसेस पोत्खीटर घालायची तशी.

फोन माझ्याच हातात होता.
बऱ्याच वेळानं लिहिलं :
तुझी कधी जाते?
लगेच उत्तर आलं :
दोनला. तुझी?