अर्थिंग

वडशाहून निघालेली गाडी
गाढवी नदीच्या अलीकडं थांबली तेव्हा
पटाची धूळ अजून खाली बसली नव्हती.
धान निघालेल्या बांधीत पडदा टांगलेला, रात्री नाटक.
पेट्या उतरवायच्या आधी
ईस्तारीभाऊनं खिशातून मीटर काढलं.
खांबावर एकशे बासष्ट.
"मोटारी सुरू आहेत जी," मंडळाचा माणूस म्हणाला,
"दहाला वाढते लाईन."
"दहाला आमची नांदी असते."

जनरेटर मोहाच्या मागं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.
एक फेज दिव्यांना, एक ॲम्पांना,
तिसरी पाळण्याला नि चहाच्या ठेल्याला.
"दिवा आन् आवाज एका ताटात जेवत नाही.
आन् एका ॲम्पवर दोनच टॉप.
बैल वढते म्हनून गाडी भरत नाही बसाची."

मी सतरा वर्षांचा, वायरी गुंडाळणारा.
वायर तापली का पाहायला तळवा लावला
तर त्यानं हात झटकला.
"उलट्या हातानं पाय.
तळवा करंट धरून बसते. उलटा हात सुटून येते."
पोराचा ताप पाहावा तसा मी
काळ्या वायरीला हात लावला.

काल दुसऱ्या गावात
माईकनं वच्छलाबाई बांबोळेंच्या ओठाला झटका दिला होता,
नांदीच्या दुसऱ्या ओळीत.
त्यांनी ओळ पुरी केली.
भाऊला काही बोलल्या नाहीत.
ते न बोलणं घेऊन तो तीस किलोमीटर
टपावर बसून आला, थंडीत.

आज धुऱ्याजवळ टाचेनं माती दाबत
तो ओल शोधत फिरला.
सळई, हातोडा, मीठ, कोळसा,
बोडीतून मी आणलेले तीन गुंड पाणी.
बांधीची मालकीण पोर कडेवर घेऊन आली.
"आमच्या बांधीत का पुरता जी?"
"चुकून आलेलं. बाईच्या ओठावर जाचं ते
इथं उतरन."
तिनं जरा विचार केला.
"पुरा मंग. पानी आनखी लागलं तं सांगा."

मिक्सर आधी. ॲम्प सगळ्यात शेवटी,
एकेक, मध्ये दम घेत.
हिरवे दिवे लागले. घुरघुर नाही,
रातकिडे तेवढे.
भाऊ माईक घेऊन स्टेजखाली उतरला,
चपला काढून ओल्या मातीत उभा राहिला.
हॅलो म्हणाला नाही.
जाळीला ओठ टेकवले.
त्याचा श्वास तेवढा टॉपांतून निघाला
आणि नदीपर्यंत जाऊन आला.

नांदीला वच्छलाबाईंनी
माईकला रुमाल गुंडाळलेला होता,
गुलाबी, काठाला फुलं.
भाऊनं पाहिलं. वरची पट्टी किंचित चढवली,
रुमाल खाईल तेवढी.

दुसऱ्या अंकानंतरच्या गाण्याला
रुमाल कमरेला खोचलेला होता.
चढवलेली पट्टी
त्यानं बोटभर खाली आणली.

पहाटे सळई निघता निघेना.
"तळव्यावानी धरून बसली," मी म्हणालो.
भाऊ म्हणाला,
"पानी आन."