झोपू नका

रात्री आठला सभाघरात सायला झुल्यात पहुडतात
आणि गायला लागतात.
आम्हा गुना लोकांच्या या गाण्यात सरळ काही नसतं.
कासव म्हणजे कासव नव्हे, पूल म्हणजे पूल नव्हे.
मग आर्गार उठतो, फोड करून सांगतो.
बाकांवर बाया कापडाचे थर कापत बसतात,
लालाखाली काळं, काळ्याखाली केशरी,
आणि काठीवाला राखणदार मधूनच खेकसतो :
झोपू नका!

आज मला झोप येणं शक्यच नव्हतं.
आजचं गाणं माझ्यावर होतं.

होडी माझी, इंजिन माझं
(हप्ते अजून सात).
पांढऱ्या जहाजावरचे अकरा जण मीच आणले.
माणसं चांगली होती. टोपीवाला म्हातारा तर
माझ्या पोराला पोहायचा चष्मा देऊन गेला.
एकीनं विचारलं, ते हिरव्या पानांचं कुंपण कसलं?
म्हटलं, आत बहीण आहे माझी. मोठी झाली.
तिकडे जाऊ नका, असं म्हणालो का?
म्हणालो.
बहुधा हळू म्हणालो.
खिशात वीसची नोट होती, ती जरा मोठ्यानं बोलत होती.

आत दिलिनाय बसलेली,
फळाच्या रसानं नखशिखांत काळीशार,
बायांनी ओतलेल्या पाण्यात भिजून थरथरणारी.
त्या दिवसांत मीसुद्धा, सख्खा भाऊ,
कुंपणाकडे पाठ करून चालतो.
दोन पानं बाजूला झाली. क्लिक.
खेकड्यानं नांगी मिटावी एवढाच आवाज.

महिन्याभरानं पनामा शहरातून मावसभावाचा फोन :
तुमची दिलिनाय इथे सगळ्यांच्या हातात आहे.
चार हजार बदाम.

सायला गायले :
एका खेकड्यानं आपलं बीळ
भरतीला भाड्यानं दिलं...
आर्गार उठला. उभा राहिला.
म्हणाला, याची फोड करायला नको.
आणि बसला.

इगुआतीर मास्तर तेवढे भांडले :
शाळेचं छप्पर त्याच डॉलरांतून आलंय, विसरू नका.
कोणाकडेच उत्तर नव्हतं.
मग सुईवरची नजर न उचलता कुणी बाई बोलली,
गळू दे. पाऊस फोटो काढत नाही.

ठरलं ते असं.
जहाज प्रवाळाच्या बाहेर.
त्याला कुणी होडी लावायची नाही.
मला दोनशे नारळ दंड,
होडी सहा महिने वाळूत उपडी.
मी हो म्हणालो. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

सकाळी जहाजानं तीन भोंगे दिले,
वाट पाहिली, पुन्हा एक दिला.
उपड्या होडीवर दिलिनाय येऊन बसली,
नुकतेच कापलेले केस, कानांमागे अजून काळा रंग.
जहाज वळेपर्यंत काही बोलली नाही.
मग विचारलं,
त्यात मी रडत होते का रे?

मी म्हणालो, मी पाहिला नाही तो फोटो.