मोरीचं तेल

मोरी म्हणजे न्हाणीघरातली नव्हे,
समुद्रातली, करवती दातांची.
तिचं काळीज कढवून निघालेलं तेल
बाबा होड्यांच्या पोटाला चोळायचे,
वाघोटणच्या खाडीकाठी, ओहोटीच्या वेळी.
त्या वासापायी शाळेत माझ्या बाकावर
दुसरं कुणी बसत नसे.

तेल चुकलं तर किडा लागतो.
बाहेर टाचणीच्या डोक्याएवढं भोक,
आत तो फळीच्या लांबीने वाढत जातो,
लाकूड खातो, लाकडातच राहतो.
रंग शाबूत. नाळेवरचं 'रवळनाथ प्रसाद' शाबूत.
होडी जाळी घेऊन जाते,
एखादं वऱ्हाडही पलीकडे उतरवते.
बाबा बोटाच्या पेरांनी फळी वाजवत पुढे सरकायचे,
टण, टण, टण,
आणि एका जागी
बद्द.
तिथे खडूची फुली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बाबांना उताणं निजवलं,
एक बोट पोटावर ठेवून
दुसऱ्या बोटाने त्यावर वाजवत गेले.
बद्द आवाज बरगडीखाली चार बोटं उतरला होता.
बाबा छताकडे बघत म्हणाले,
"खंय लागलो किडो, डाक्टर?"

हिपॅटायटिस बी, ते म्हणाले. तीस-चाळीस वर्षांपासूनचा.
कदाचित आईच्या पोटातून निघतानाच आलेला,
कदाचित एखाद्या न उकळलेल्या सुईतून,
आता कोण सांगणार.
आईला एक्याण्णवची कावीळ आठवली:
माळ डोक्यावरून उतरत घोट्यापर्यंत आली,
हातावर चोळलेला चुना पिवळा झाला,
मग सगळे म्हणाले, गेली.
काही गेलं नव्हतं.

यकृत चिवट असतं, डॉक्टर सांगत होते,
जळतं, परत उगवतं,
जळतं, परत उगवतं,
दर वेळी एक वण ठेवून.
इतक्या डागडुजीत केव्हातरी एका पेशीचं माप चुकतं
आणि ती वाढतच सुटते.
सुताराला हे पुन्हा सांगावं लागलं नाही.
त्यांनी फक्त विचारलं, "केवढा?"
डॉक्टरांनी मूठ दाखवली.

चैत्र संपायच्या आत गेले.
तेराव्याच्या पंगतीत फटू कोयंडे शेजाऱ्याला म्हणाला,
"मेस्त्री चोरून घेय होतो वाटता.
लिवर उगाच जाता काय?"
माझ्या हातात भाताचं पातेलं होतं.
चहात तीन चमचे साखर, एवढंच बाबांचं व्यसन.
मी फटूला भात वाढला.
अजून वाटतं, पातेलं खाली ठेवून बोलायला हवं होतं.

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त गेलं.
विलास कोरा निघाला, त्याला लशीचे तीन डोस.
आई कधीकाळी होऊन बरी झालेली, तिला पत्ताच नाही.
माझ्या कागदावर पॉझिटिव्ह.
सासूबाईंनी माझी ताटवाटी वेगळी काढली.
नर्सताईंनी घरी येऊन ती परत मांडणीत लावली,
म्हणाल्या, ताटातून येत नाही हो हे, मावशी,
आणि आमच्यात बसून जेवून गेल्या.

जुई जन्मली तेव्हा
तिला अजून दूध लागलं नव्हतं,
तोवर दोन मांड्यांत दोन सुया.
ती ओरडली.
मी आयुष्यात एवढा खणखणीत आवाज ऐकला नव्हता.

आता दर सहा महिन्यांनी कणकवली.
पोटावर जेली चोळतात, गार, बुळबुळीत.
तिला कसलाच वास नाही,
त्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसत नाही.
डॉक्टरीणबाई यंत्र बरगडीखालून सरकवत नेतात,
सरकवत नेतात,
एका जागी थांबतात.
मी पडद्याकडे बघत नाही,
त्यांच्या मोकळ्या हाताकडे बघते.
त्यात खडू नाही.
पण त्या अजून
पुढे सरकलेल्या नाहीत.