उजेड डावीकडून

दिवा डावीकडे, वर. हे शेहमूस बदलत नाही.
भिंगापासून मखमलीपर्यंत बासष्ट सेंटिमीटर,
गाठ मारलेला दोरा खिळ्याला टांगलेला.
खापर, पट्टी, क्रमांक. क्लिक.
खापर, पट्टी, क्रमांक.
बाहेर नूरजान धुतलेली खापरं पत्र्यावर वाळत घालते,
पलीकडे टायग्रिस, गढूळ.

चारशे बाराच्या बुडाशी अंगठ्याचा ठसा.
तेवढ्यात वीज गेली.
उरली फक्त उजवीकडची खिडकी,
आणि त्या उलट्या उजेडात खळगा फुगून वर आला:
कुणीतरी मातीच्या आतून
अंगठा दाबून धरला होता.

शेहमूसनं हात पुढे केला,
मागे घेतला. चौकटीत बोट येता कामा नये.

वीज आली.
खळगा पुन्हा खळगा.
पट्टी सरळच होती,
तरी त्यानं ती
सरळ केली.